देठातले लिग्निन आणि ११६ टक्क्यांची बेरीज

वाइन तयार करताना मागे उरणारे देठ, साली, बिया आणि टाकीच्या तळाशी बसणारा गाळ या चारही पदार्थांचे रासायनिक पृथक्करण मी माझ्या प्रबंधासाठी केले. त्यांतल्या तिघांचे काम फारसे न अडता उरकले. बियांचे तेल हेक्सेनने काढले, त्यात अपेक्षेप्रमाणे लिनोलेइक आम्लच सर्वाधिक निघाले आणि तो विषय तिथेच संपला. देठांनी मात्र माझे जवळजवळ तीन महिने खाल्ले, आणि त्यांतला निम्म्याहून अधिक काळ ‘लिग्निन’ (वनस्पतींना लाकडासारखा कडकपणा देणारा पदार्थ) या एका रकान्यापायी गेला.

आमच्याकडे तेव्हा तीव्र आम्लाच्या कामाची सोय नव्हती, म्हणून देठांची पूड बाहेरच्या एका चाचणी प्रयोगशाळेत पाठवली. तिथल्या अर्जात नमुन्याच्या प्रकारासाठी लाकूड, चारा आणि खाद्यपदार्थ एवढेच पर्याय होते. निरुपायाने मी लाकडापुढे खूण केली आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली. तीन आठवड्यांनी अहवाल हाती आला: सेल्युलोज २९ टक्के, हेमिसेल्युलोज २० टक्के, लिग्निन ३८ टक्के. टॅनिन (द्राक्षाला तुरटपणा देणारी संयुगे) १६, प्रथिने ६ आणि राख ७ टक्के हे आकडे मी स्वतः आधीच काढलेले होते. समासात पेन्सिलने बेरीज मांडली, ती ११६ आली. पुन्हा मांडली, तरी ११६. विचारणा केल्यावर नऊ दिवसांनी ‘पद्धत प्रमाणित आहे, आपला नमुना तपासावा’ असे एका ओळीचे उत्तर आले, ज्याचा राग मला आजही येतो, कारण शंभराच्या वर गेलेली बेरीज पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसते.

दोष नमुन्यात नव्हताच. लिग्निन मोजण्याच्या रूढ पद्धतीत पूड ७२ टक्के सल्फ्युरिक आम्लात ३० अंशांवर तासभर ठेवतात, नंतर आम्ल ४ टक्क्यांपर्यंत विरळ करून १२१ अंशांवर आणखी तासभर तापवतात, आणि जे विरघळत नाही त्याला लिग्निन म्हणतात. लाकडाच्या बाबतीत हे बहुतांशी चालून जाते. द्राक्षाच्या देठात मात्र पेशीभित्तिकांना घट्ट चिकटलेले संघनित टॅनिन असते. आधी अल्कोहोलने धुतले तरी ते पुरते सुटत नाही, आम्लात विरघळण्याऐवजी आणखी घट्ट होऊन बसते आणि काही प्रथिनांसह लिग्निनच्या नावावर जमा होते.

शेवटी ओळखीच्या एका विभागात आठवड्यातून दोन दिवस जागा मिळाली आणि मी हे काम स्वतः केले. ३०० मिलिग्रॅम पुडीला ३ मिलिलिटर आम्ल आणि नंतर ८४ मिलिलिटर पाणी, इथपर्यंत सगळे सरळ होते. गाळण्याने मात्र अंत पाहिला: क्रुसिबलच्या, म्हणजे सच्छिद्र तळाच्या गाळण-भांड्याच्या, तळावर गडद चॉकलेटी, चिकट थर बसला आणि दुपारी ओतलेले द्रावण संध्याकाळी दिवे लागले तरी थेंबाथेंबाने उतरत होते. दुसऱ्या खेपेला पूड आधी १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर उकळली, तेव्हा द्रावण काळपट तांबडे झाले आणि पुढचे गाळणे झटक्यात झाले. उरलेल्या अवशेषातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले आणि तेवढी प्रथिने वजा केली. लिग्निन १८ टक्क्यांवर आले, बेरीज ९६ झाली. ती पाहून मी खुर्चीत मागे रेलून बसलो, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. अल्कलीने थोडे खरे लिग्निनही धुतले जाते, त्यामुळे १८ हा आकडा किंचित कमीच असणार. प्रबंधात मी दोन्ही आकडे, कोणत्या पूर्वप्रक्रियेने आले त्या उल्लेखासह, शेजारी शेजारी दिले.

बाहेरून चाचणी करून घेणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच टॅनिनची वजावट कशी करता, हे लेखी विचारावे. उत्तर देताना चाचपडत असतील तर नमुना परत आणावा.

नमुना वाळवण्याबाबत हे आधीच सांगायला हवे होते: फिनॉल (टॅनिन ज्या गटात मोडते ती संयुगे) मोजायचे असतील तर देठ १०५ अंशांवर वाळवू नयेत, शीतशुष्कन (गोठवून निर्वातात वाळवणे) करावे किंवा ४० अंशांच्या आसपास थांबावे, १०५ अंश फक्त ओलावा काढण्याच्या वेगळ्या भागासाठी. वाळलेली पूड हवेतला ओलावा भराभर ओढते, म्हणून डेसिकेटरमधून (नमुना कोरडा ठेवणाऱ्या बंद भांड्यातून) काढताच वजन करावे. चोथा पांढऱ्या वाइनचा की लाल, हेही डब्यावर लिहून ठेवावे, कारण पांढऱ्याचा चोथा आंबण्यापूर्वीच दाबून वेगळा केलेला असतो आणि त्यात साखर भरपूर राहते. फिनॉल मोजण्यासाठी वापरतात तो फोलिन अभिकर्मक क्षपणकारी साखरेशीही प्रतिक्रिया देतो. माझा फिनॉलचा पहिला आकडा त्यामुळेच फुगला होता. गाळात गंधकाचा डायऑक्साइड उरलेला असेल तर तिथेही हीच फसगत होते. आणि गाळातले पोटॅशियम बायटार्ट्रेट धुऊन काढायचे असेल तर पाणी कडकडीत गरम घ्यावे. थंड पाण्याने मी सहा वेळा धुतले आणि स्फटिक होते तिथेच राहिले.