हरेगावच्या वाटेवर मावशींनी विचारलेला प्रश्न

मतमाउलीच्या यात्रेला आम्ही लोक चालत जातो हे नगर, नाशिक, संभाजीनगरकडच्या ख्रिस्ती घरांमध्ये सगळ्यांना माहीत असतं, बाहेर मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं, म्हणून आधी थोडं सांगते. हरेगाव हे श्रीरामपूर तालुक्यातलं गाव, पूर्वी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता तेच, आणि तिथल्या चर्चमध्ये 1949 पासून मरियामातेची यात्रा भरते. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन, त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी लाखोंनी लोक येतात, आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, असते. गावोगावच्या चर्चमधून पदयात्रा निघतात, ख्रिस्ती नसलेले लोकही नवस फेडायला येतात, कोणी कोणाला विचारत नाही तू कुठला म्हणून.

आम्ही नगरहून निघालो. पुढे टेम्पोत मरियेचा पुतळा, झेंडूच्या माळा, स्पीकर, आणि मागे आम्ही दोन-दोनच्या रांगेत जपमाळ म्हणत. नगर-मनमाड रोडवर चालायचं म्हणजे काय ते तिकडच्यांनाच कळेल, कंटेनर अंगावरून गेल्यासारखा जातो, खड्ड्यातलं पाणी उडतं, आणि सप्टेंबरचं ऊन पाऊस थांबला की असं चटकतं की विळद घाट उतरेपर्यंत माझी पाण्याची बाटली संपलेली. कृषी विद्यापीठाच्या पुढे दोन्ही बाजूला ऊस आणि सोयाबीन, तिथं जरा वारा लागला तेव्हा बोलायला सुचायला लागलं.

माझ्यासोबत माझा आतेभाऊ होता, आमचा दादा. आम्ही कॅथलिक, आत्याच्या घरचे प्रोटेस्टंट, नगरमध्ये ही अशी सरमिसळ घरोघरी आहे, लग्नकार्यात एकत्र, रविवारी वेगवेगळ्या चर्चला. दादा यात्रेला आला तो मला सोबत म्हणून, मरियेला नवस वगैरे त्याला पटत नाही आणि तो ते स्पष्ट सांगतो. तो हल्ली कॅल्विन ह्या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या परंपरेतल्या शिकवणीची व्हिडिओ प्रवचनं खूप ऐकतो आणि चालता चालता त्याने देवाच्या निवडीचा विषय काढला. म्हणजे जगाच्या स्थापनेपूर्वीच देवाने ठरवून ठेवलंय कोणाचं तारण होणार, आपल्या चांगुलपणावर काही नाही, देव सार्वभौम आहे, तो ज्याच्यावर दया करायची त्याच्यावर करतो.

त्याचं म्हणणं मी आधी नीट सांगते, कारण आमच्याकडचे लोक ते अर्धवट ऐकून झटकून टाकतात. दादा म्हणाला, "हे बघ, माझं तारण माझ्या पकडीवर असतं ना तर माझा हात कधीच सुटला असता. त्याने मला धरलंय म्हणून मी आहे." हे वाक्य मला मनापासून पटलं आणि पटायलाच पाहिजे, कारण आमच्या चर्चचीही शिकवण हीच आहे. संत अगस्तिनने, माणूस आपल्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो म्हणणाऱ्या पेलागियसशी वाद घातला तो ह्याच मुद्द्यावर, माणूस स्वतःच्या बळावर देवापर्यंत पोचत नाही, आणि 529 साली ऑरेंजच्या परिषदेने सांगून टाकलं की विश्वासाची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेनेच होते. पण त्याच परिषदेने हेही म्हटलं की देवाने कोणाला पापासाठी नेमून ठेवलंय असं मानणाऱ्याचा आम्ही धिक्कार करतो. दादाच्या परंपरेत पुढे 1618-19 मध्ये हॉलंडमध्ये डॉर्ट इथे मोठी सभा भरली, कोण विश्वास ठेवेल हे आधी पाहून देवाने निवड केली म्हणणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध, आणि तिथं ठरलं की निवड कोणाचा विश्वास आधी दिसला म्हणून झालेली नाही, ती निव्वळ देवाच्या मर्जीने, आणि बाकीच्यांना देवाने त्यांच्या पापात राहू दिलं. हे "बाकीचे" जिथं आले तिथं आमचं अडलं.

आणि ते "बाकीचे" आमच्या मागेच चालत होते.

राहुरीच्या मुक्कामाला, चर्चच्या हॉलमध्ये पाय पसरून बसलो होतो, कोणी पायाला तेल लावत होतं, कोणी भाकरी-पिठलं वाढत होतं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एक मावशी जवळ येऊन बसल्या. दिवसभर आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "पोरी, एक विचारू का. माझा धाकला पोरगा गेला गाडीवरून पडून. पीत व्हता. चर्चला येत नव्हता. एका सभेत एक जण मला म्हणला, मावशी, तो निवडलेला नव्हता. व्हय का गं तसं?"

दादा काही बोलला नाही. दादा वाईट माणूस नाही, त्याने कधी असं कोणाच्या तोंडावर म्हटलं नसतं, पण प्रवचनात ऐकलेली गोष्ट समोर पदर धरून बसली की वेगळी दिसते. मी मावशींना तेव्हा एवढंच सांगितलं की चर्चने आजवर कितीतरी लोकांना संत म्हणून जाहीर केलं, पण अमुक एक माणूस नरकात आहे असं एकाही माणसाबद्दल कधी जाहीर केलेलं नाही, मग त्या सभेतल्या माणसाला हे कोणी सांगितलं? मावशी म्हणाल्या, "आस्सं?" आणि गप्प झाल्या. मला काही त्या रात्री झोप लागली नाही.

मला जे म्हणायचंय ते असं आहे. आमचे पणजोबा गावकुसाबाहेर राहणारे. त्यांचा पाणवठा वेगळा, त्यांची सावली नको, आणि का नको तर जन्माच्या आधीच ठरलेलं आहे म्हणून. तू काय केलंस हा प्रश्नच नव्हता, तू काही करायच्या आधीच तुझी लायकी वर कुठेतरी लिहिली गेली आहे, हेच आमच्या लोकांना शेकडो वर्षं ऐकवलं गेलं. म्हणून जन्माआधी नाकारणारा देव आम्हाला नवा नाहीये दादा! ती बातमी आमच्या पणजोबांना आधीच मिळालेली होती. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता ह्या भागात जेझुइट ह्या कॅथलिक संघाचे फादर आले, तुमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन आलं, तेव्हा त्यांच्याकडून आमच्या लोकांनी जी वेगळी गोष्ट ऐकली ती ही की देवाने निवडलं ते मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, इस्राएली गुलामांना, आणि का निवडलं तर त्यांचा आक्रोश त्याच्या कानावर गेला. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून नाही, तुम्ही तर सगळ्यात थोडे होता, आणि तुमच्या धार्मिकतेमुळेही नाही. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात हेच सांगतो, तुमच्यात फार शहाणे, फार कुलीन लोक नव्हते, जगाने ज्यांना कमी लेखलं त्यांना देवाने निवडलं. निवडीची शिकवण आमच्याकडे अशी आली, बाहेर ठेवलेल्यांना आत घ्यायला. तिचंच नवं गावकूस कोणी बांधणार असेल तर मी गप्प बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. देवळाली प्रवराकडून बेलापूरच्या रस्त्याला ऊसच ऊस, पाटाचं पाणी भरलेलं, चपला हातात घेऊन चालावं असं वाटत होतं. दादानेच सुरुवात केली, म्हणजे तो रात्रीपासून त्याच विचारात होता. म्हणाला, "पण पौलाच्या रोमकरांस पत्रात, 9 व्या अध्यायात काय लिहिलंय? मुलं जन्मलीही नव्हती, बरं-वाईट काही केलं नव्हतं, तरी याकोबावर प्रीती केली आणि एसावाचा द्वेष केला. हे तर पवित्र शास्त्रातच आहे ना."

आहे ना. पण ह्या जुळ्या भावांतल्या एसावाचं पुढे काय झालं ते कोणी वाचत नाही. मी त्याला म्हटलं, चल सांग, काय झालं? याकोब फसवून आशीर्वाद घेऊन पळतो, वीस वर्षांनी परत येतो तो घाबरत घाबरत, एसाव चारशे माणसं घेऊन सामोरा येतोय म्हटल्यावर याकोबाची पाचावर धारण बसते, बायका-मुलं मागेपुढे विभागून ठेवतो. आणि एसाव काय करतो? धावत येतो, गळ्यात पडतो, दोघं रडतात. आणि निवडलेला याकोब त्या न निवडलेल्या भावाला म्हणतो की तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं तोंड पाहण्यासारखं आहे. नाकारलेल्या भावाच्या चेहऱ्यात देवाचा चेहरा! पुढे अनुवादात देव इस्राएलला बजावतो की सेईर डोंगर मी एसावाला दिलाय, त्याच्या जमिनीतलं पाऊलभरही मी तुम्हाला देणार नाही, आणि अदोमी माणसाचा, म्हणजे एसावाच्या वंशजाचा, तिरस्कार करू नका, तो तुमचा भाऊ आहे. अब्राहामाच्या दोन मुलांत इश्माएलचं तेच, निवड इसहाकाची झाली पण वाळवंटात पोर रडायला लागलं तर देवाने ऐकलं ते त्या पोराचं रडणं. म्हणजे वचन पुढे न्यायला एकाला निवडलं म्हणून दुसऱ्याला देवाने टाकून दिलं असं शास्त्रात होतच नाही. अब्राहामाला बोलावलं तेव्हाच सांगितलं होतं की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. निवड एकाची, कारण मात्र सगळे.

आणि ज्यांना वाटलं आपण निवडलेले म्हणजे आपलीच मक्तेदारी, त्यांना संदेष्ट्यांनी सोडलं नाही. आमोस म्हणतो, मी फक्त तुम्हालाच ओळखलं म्हणूनच तुमच्या अन्यायाचा जाब तुम्हाला विचारीन. योना तर रागावून बसला की निनवे ह्या शत्रूच्या शहरावर दया का केली, त्याला देवाचा स्वभाव पक्का माहीत होता, तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस, आणि त्याचीच त्याला तक्रार होती!

दादा म्हणाला, "रोमकरांस 9 तू टाळतेयस." मी म्हटलं टाळत नाही, तू 9 वर थांबतोस, पौल थांबत नाही, 11 व्या अध्यायापर्यंत जातो आणि तिथं म्हणतो की देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. त्यावर दादा म्हणाला की "सगळे" म्हणजे यहूदी आणि परराष्ट्रीय दोन्ही, प्रत्येक माणूस असं नाही. हा त्याचा मुद्दा वजनदार आहे हे मान्य, आणि सगळ्यांचं तारण होणारच असं आमचं चर्चही शिकवत नाही, माणूस देवाला नको म्हणू शकतो. पण देव आधी नको म्हणत नाही. तिमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे तसं, सगळ्यांचं तारण व्हावं ही त्याची इच्छा आहे.

मग माणसाचं हो-नाही आणि देवाची कृपा नेमकी कशी जुळते? ह्यावर आमच्याच कॅथलिकांमध्ये जेझुइट आणि डोमिनिकन ह्या दोन संघांचं इतकं जुंपलं होतं की रोममध्ये 1598 पासून 1607 पर्यंत त्याची चौकशी चालली, आणि शेवटी पोपने निर्णय दिलाच नाही, दोघांनी आपापलं शिकवा पण एकमेकांना पाखंडी म्हणू नका असं सांगितलं. मला तो निकाल फार आवडतो. दादाला सांगितल्यावर तोही हसला, म्हणाला आपल्या घरातपण हेच चाललंय.

प्रवरेच्या पुलावर टेम्पो थांबला, सगळ्यांनी नमो मरिया म्हटलं, आणि माझं लक्ष पुतळ्याकडे गेलं तेव्हा मी दादाला म्हटलं की देव निवड कशी करतो ते पाहायचं तर हिच्याकडे बघ ना. नासरेथसारखं गाव, जिथून काही चांगलं निघेल का असं लोक विचारायचे, तिथली एक गरीब पोरगी. देवदूत येतो, निरोप सांगतो, ती प्रश्न विचारते, तो उत्तर देतो, आणि मग तिने हो म्हणेपर्यंत थांबतो. 12 व्या शतकातल्या संत बर्नार्डने ह्यावर प्रवचन केलंय, सगळं जग तिच्या उत्तराची वाट पाहत थांबलंय असं. सार्वभौम देव एका मुलीच्या होकारासाठी थांबतो, हा त्याचा स्वभाव आहे. आणि निवड झाली म्हणून तिला काय सुख मिळालं, गोठ्यात बाळंतपण, बाळ घेऊन मिसरात पळापळ, आणि शेवटी क्रुसाखाली उभं राहणं. तिच्या गीतात ती गात्ये की देवाने गर्विष्ठांना उधळलं आणि दीनांना उंच केलं. दादा मरियेला मध्यस्थ मानत नाही पण हे गीत त्याला पाठ आहे, ते त्याने पूर्ण म्हणून दाखवलं, मागच्या बायकांनी ऐकून टाळ्या वाजवल्या.

त्याने एक गोष्ट मला दिली तीही सांगते. त्यांच्याच परंपरेतला कार्ल बार्थ, स्विस धर्मपंडित, त्याने 1942 मध्ये ह्या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि म्हटलं की निवडणारा देवही ख्रिस्तच आणि निवडलेला माणूसही ख्रिस्तच, आणि नाकारलं जाणंही त्यानेच क्रुसावर स्वतःवर घेतलं. दादाने हे आधी वाचलेलं पण तेव्हा त्याला पटलं नव्हतं. आता पटलंय का, मी विचारलं. "बघतो," म्हणाला.

हरेगावला पोचलो तेव्हा दुपार टळली होती, रस्ताभर दुकानं, मेणबत्त्या, हार, जिलेबी, पाळणे, आणि गर्दी अशी की एकमेकांचा हात सोडायची सोय नाही. आम्ही मावशींना मध्ये घेतलं. मिस्सात, म्हणजे आमच्या उपासनेत, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं घेत होते तिथं मोठी रांग होती. मावशींना लिहिता येत नाही, दादाने पेन घेतला. त्यांनी पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका सगळं सांगितलं आणि दादाने एकेक अक्षर विचारत लिहिलं, कुठे चूक नको म्हणून. मृतांसाठी प्रार्थना दादाच्या चर्चमध्ये करत नाहीत, तरी लिहिलं. कागद आत गेल्यावर मावशी दोनदा म्हणाल्या, "वाचतील ना गं?" आणि मग आम्हालाच घाई करायला लागल्या, की चला लवकर, मिस्साला पुढं जागा धरायची म्हणजे नाव ऐकू येईल.