आमची वाटचाल : कापडाकडून पऱ्हाटीकडे

सेंद्रिय कापसाचं कापड चोळून, हुंगून किंवा जाळून ओळखता येत नाही. जनुक बदललेलं बीटी बियाणं सेंद्रिय शेतीत चालत नाही. कच्च्या रुईत ते बीटी जनुक तपासता येतं, पण रंगवून-धुऊन झालेल्या कापडात त्या तपासणीचा भरवसा उरत नाही. म्हणून आम्ही मागे मागे सरकत गेलो. आधी कोरं कापड विकत घ्यायचो, नंतर सूत घेऊ लागलो आणि आता वर्धा-यवतमाळकडचा कापूस शेतापासूनच वेगळा ठेवून घेतो.

कपड्यात कीटकनाशक उरतं म्हणून सेंद्रिय घ्या, असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही. सोड्याच्या उकळत्या पाण्यात ते बहुतेक निघून जातं. पहिला फायदा फवारणी करणाऱ्याचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्या शेतांवर निंबोळी अर्क आणि दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) चालतो. बियाणं सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं किंवा देशी असतं, त्यामुळे सरकी पुढच्या वर्षी पेरता येते. प्रमाणपत्रासाठी पेरणीपूर्वी दोन वर्षं रसायनं बंद ठेवावी लागतात. त्या काळातला कापूस ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही, आणि शेतकऱ्याला सर्वात जड जातात ती हीच दोन वर्षं.

सेंद्रिय आणि साध्या मालाचा घोळ बहुतेक वेळा जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढताना होतो. यंत्रात आदल्या मालाची रुई अडकलेली असते, म्हणून आमच्या रुईची पहिली गाठ आम्ही साध्या कापसात मोजतो. वेचणीला सुती झोळ्याच देतो. खताच्या पोत्याचा प्लास्टिकचा धागा रुईत शिरला की पिंजणीत त्याचे तुकडे होतात, सुतात जातात, आणि त्यावर रंग चढत नसल्याने रंगवलेल्या कापडावर पांढरे ठिपके दिसतात. तोवर ताना-बाना विणून झालेला असतो.

अंगाला जाणवतो तो फायदा रंगाईत आणि फिनिशिंगमध्ये आहे. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावरच्या फॉर्मल्डिहाइडच्या राळेने काहींच्या त्वचेला खाज सुटते. ती आम्ही लावत नाही, त्यामुळे आमच्या कुर्त्याला इस्त्री लागतेच.

मंजिष्ठेचा लाल असा करतो. एक किलो कोरं कापड ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि साबण घालून दोन तास उकळायचं. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो लगेच जिरला नाही तर खळ राहिली आहे, परत उकळायचं; नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. मग रात्रभर भिजवलेल्या २०० ग्रॅम हिरड्याच्या पाण्यात बुडवून सुकवायचं, आणि त्यानंतर १५० ग्रॅम तुरटी. शेवटी ४०० ग्रॅम मंजिष्ठा. आच हळूहळू वाढवत ६५ अंशांपर्यंत न्यायची आणि तासभर कापड हलवत राहायचं. उकळी फुटली की लाल विटकरी होतो. भांडं स्टीलचं हवं, लोखंडाचं असेल तर रंग काळवंडतो. हळदीचा पिवळा आम्ही करतच नाही, उन्हात तो उडतो. त्याऐवजी डाळिंबाची साल वापरतो.

शिवण्याआधी प्रत्येक ताग्यातून ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून तीनदा धुतो. तीन टक्क्यांपेक्षा जास्त आटला तर तागा परत पाण्यात जातो. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यातच बाह्या आखूड होतात.

विकत घेताना लेबल नीट वाचा. जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नियमात ‘ऑरगॅनिक’ म्हणजे किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा, आणि ‘मेड विथ ऑरगॅनिक’ म्हणजे किमान ७० टक्के. नुसतं ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच ठरत नाही. विक्रेत्याकडे त्या मालाचं व्यवहार प्रमाणपत्र मागा. ते मालागणिक वेगळं निघतं. वार्षिक प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवली तर हातातला तागा त्यात येतो की नाही, हे कळत नाही.