परदेशातली कॉन्फरन्स: जायचं की नाही, हे पेपर पाठवायच्या आधीच ठरवा

अमेरिकेत कॉन्फरन्सला जावं का, हा वाद सध्या नागपुरात बजाजनगरच्या चहाटपरीवरही रंगतो. पण बहुतेक जण हा वाद आपला संशोधन-पेपर स्वीकारल्याची मेल आल्यावर घालतात, आणि तोवर हात अडकलेले असतात. बऱ्याच ठिकाणी एका तरी लेखकानं नोंदणी भरली नाही तर पेपर छापतच नाहीत. सादर करायला कुणी गेलं नाही तर आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संघटना तो आपल्या एक्सप्लोअर या ऑनलाइन संग्रहातून वगळू शकते.

म्हणून आयोजकांना आधीच मेल करा. व्हिसा नाकारला तर ऑनलाइन सादरीकरण चालेल का? पैसे परत मिळतील का? आणि व्हिसा मिळूनही आम्हीच यायचं नाही असं ठरवलं तर? हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पैसे बुडतात ते तिथेच. कॉन्फरन्सचं दुसऱ्या देशात केंद्र आहे का, तेही बघा. २०२५ची न्यूरिप्स ही एआयवरची कॉन्फरन्स सॅन दिएगोसोबत मेक्सिको सिटीतही भरली होती.

अमेरिकेच्या बी१, म्हणजे कामानिमित्तच्या छोट्या भेटीच्या, व्हिसाच्या अर्जाची फी १८५ डॉलर. नकार आला तरी ती परत मिळत नाही. वर विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई गाठायची, आधी बायोमेट्रिक, मग वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतात. राजकीय पोस्टच्या धास्तीनं एखादं खातं लपवणं पोस्टपेक्षा महाग पडतं, कारण ती खोटी माहिती ठरते. शिवाय व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. विमानतळावरचा अधिकारी फोन उघडायला सांगू शकतो, आणि नकार दिलात तर परतही पाठवू शकतो. अप्रकाशित डेटा आणि रुग्णांची माहिती घरीच ठेवा.

टीममधून कुणी जायचं, हे ज्येष्ठतेवर ठरवू नये. पुढच्या वर्षी तिकडेच पीएचडीला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आज नकार मिळाला, तर पुढच्या प्रत्येक अर्जात तो लिहावा लागतो. प्राध्यापकांना तो तितका जड जात नाही.

नीरीसारख्या सरकारी संस्थेत असाल आणि राहण्या-जेवण्याचा खर्च परदेशी आयोजक करणार असतील, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याच्या कलम ६ प्रमाणे गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ फॉर्ममध्ये, सोबत निमंत्रणपत्र. संस्थेची एनओसी वेगळी, आणि फाइल अडते ती बहुधा तिच्यातच.

तिकीट शक्यतो एकाच पीएनआरवर काढा. २३ जून २०२५ ला कतारनं हवाई हद्द बंद केली, तेव्हा दोहामार्गे जाणारे वाटेतच अडकले. नागपूर-मुंबई वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं असेल, तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्यावर पुढचं तिकीट बदलून द्यायला दुसरी कंपनी बांधील नसते.