“पोरीलाबी हुतो का, मॅडम?”

आईच्या कॅन्सरच्या गाठीत सापडलेला जीनमधला बदल मुलीकडे जातो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय. एरवी ओपीडीच्या दारात उभ्या उभ्या सांगते आणि ते पुरत नाही.

मी रेडिएशनची डॉक्टर आहे, पेशंटच्या भाषेत ‘लाईट देणारी’. सोलापूर-धाराशिव भागातल्या, पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या बायकांवर उपचार करण्यात माझी वीस वर्षं गेली. हल्ली त्यांच्या फायलीत एक जाड, रंगीत रिपोर्ट असतो. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने कुणाच्या तरी सांगण्यावरून आईच्या गाठीच्या तुकड्याची जीन तपासणी करून घेतलेली असते. एका ओळीखाली पेनाने रेघ मारलेली: पीआयके-थ्री-सीए, म्युटेशन आढळले. म्हणजे या नावाच्या जीनमध्ये बदल सापडला. मग एका दमात दोन प्रश्न येतात. आई वाचेल का? आणि, आवाज खाली आणून, “पोरीलाबी हुतो का, मॅडम?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्या एका ओळीपायी मी ठरलेली सोयरीक मोडलेली पाहिली आहे. साखरपुडा तोंडावर होता. पाहुण्यांच्या कानावर ‘जेनेटिक’ हा शब्द गेला, घराण्यातच आजार आहे असं त्यांनी ठरवलं आणि निरोप आला. मुलगी एकोणीस-वीसची. त्या रिपोर्टात काय लिहिलंय हे तिला कुणी समजावून सांगितलंही नव्हतं.

तो बदल आईच्या गाठीतल्या पेशींमध्ये झालेला आहे. आई जन्माला आली तेव्हा तो तिच्या अंगात नव्हता. तिच्या बीजांडात तो नाही, म्हणून मुलीकडे तो जाऊच शकत नाही. आईच्या हातावर भाजल्याचा व्रण असला म्हणून मुलगी व्रण घेऊन जन्मत नाही, तसंच हे. गोंधळ का होतो ते मला कळतं. स्तनाच्या कॅन्सरमुळे बीआरसीए हे नाव घरोघरी पोचलं. त्या जीनमधला दोष खरोखर आई-बापाकडून येऊ शकतो. शब्द मात्र दोन्हीकडे एकच, म्युटेशन. तपासलं काय, गाठीचा तुकडा की अनुवंशिक दोष शोधण्यासाठी घेतलेलं रक्त, एवढं विचारलंत तरी निम्मा घोळ मिटतो.

एक अपवाद आहे आणि तो मी लपवत नाही. काही मोजक्या घरांत लहानपणापासून ओठांवर, तोंडात काळसर ठिपके असतात, आतड्यात पॉलिप होतात. प्युट्झ-जेगर्स म्हणतात त्याला. एसटीके-इलेव्हन नावाच्या जीनमधला दोष पिढीतून पिढीत उतरतो आणि अशा बायकांना गर्भाशयमुखाचा एक दुर्मीळ कॅन्सर होऊ शकतो. ती खूण दिसली तर घरच्यांना तपासायला मी स्वतःहून सांगते.

बाकी जवळजवळ सगळ्या बायकांत मूळ एचपीव्ही हा विषाणूच असतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. त्याच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे दहातले सात कॅन्सर होतात. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी-फिफ्टीथ्री नावाचं एक प्रथिन आपल्या शरीरात असतं. कितीतरी कॅन्सरमध्ये त्याचा जीनच मोडलेला सापडतो. इथे जीन बहुधा शाबूत असतो, पण विषाणूचं ई-सिक्स हे प्रथिन तयार झालेलं पी-फिफ्टीथ्री नष्ट करत राहतं. ई-सेव्हन हे दुसरं प्रथिन पेशीच्या वाढीचा ब्रेक काढून टाकतं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि त्या काळात जीनमधले बदल साठत जातात. त्यातले पुष्कळसे आपल्याच एपोबेक नावाच्या एन्झाइममुळे होतात. त्याचं काम विषाणूची जनुकं खराब करणं. चोराला मारायला उचललेली काठी आपल्याच उतरंडीवर बसावी, तसं ते आपल्या डीएनएवर घसरतं. पीआयके-थ्री-सीएमधले नेहमी सापडणारे बदल याच धाटणीचे आहेत. 2017 मध्ये 228 गाठींचा मोठा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हा जीन 26 टक्के गाठींमध्ये बदललेला होता. म्हणजे चारातल्या एकीच्या रिपोर्टात ती ओळ येणारच.

विषाणू म्हटलं की नवरा बायकोकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. तेही मी पाहिलंय, म्हणून इथेच सांगते. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना एचपीव्ही आयुष्यात कधी ना कधी होतो आणि दोनेक वर्षांत बहुतेकांच्या शरीरातून निघूनही जातो. कुठल्या वर्षी कुणाकडून आला हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. आई किंवा बहिणीला हा कॅन्सर असेल तर धोका किंचित वाढलेला दिसतो. त्यात विषाणूला हटवण्याची शरीराची ताकद थोडीफार अनुवंशिक असते, आणि घरचं राहणीमानही येतं: लवकर लग्न, मिश्री, तपासणीला कधी न जाणं.

आता पहिला प्रश्न. आई वाचेल का?

त्या ओळीवरून मला ते सांगता येत नाही. हा बदल असलेल्या बायकांचं पुढे काय होतं यावर अभ्यास झाले आहेत. काहींत निकाल वाईट दिसला, काहींत काहीच फरक नाही. त्या बदलावर चालणारी गोळी स्तनाच्या कॅन्सरमध्ये वापरतात, इथे नेहमीच्या उपचारात ती नाही. आजार उलटला किंवा पसरला असेल तेव्हा काही तपासण्या कामाच्या ठरतात. गाठीतलं पीडी-एल-वन नावाचं प्रथिन पाहून पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध द्यायचं का ते ठरवता येतं, पण तो खर्च आमच्याकडच्या किती घरांना झेपतो हे तुम्हीच जाणता. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या बाईचा एकही डोस मी त्या रंगीत कागदावरून बदललेला नाही.

मी बघते ते वेगळंच. गाठ किती मोठी, बाजूच्या हाडापर्यंत पोचली का, किडनीला सूज आहे का, पोटातल्या लिम्फ नोडमध्ये आजार गेलाय का, हिमोग्लोबिन किती. आणि सगळ्यात जास्त मी कॅलेंडर बघते. बाहेरून पंचवीस लाईट, आठवड्याला एक केमो आणि मग आतली लाईट, म्हणजे ब्रॅकीथेरपी. हे सगळं आठ आठवड्यांत संपलं पाहिजे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने तिसऱ्या स्टेजच्या 850 बायकांवर अभ्यास केला. नुसती लाईट घेतलेल्यांपैकी 46 टक्के पाच वर्षांनी जिवंत होत्या, सोबत केमो घेतलेल्यांपैकी 54 टक्के. तिसरी स्टेज, तरी निम्म्याहून जास्त. ‘आता काय राहिलंय’ म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मी हा आकडा सांगते.

अडतं ते आतल्या लाईटपाशी. पंचवीस झाल्या की अंगावरून जाणं थांबतं, बाईला बरं वाटतं, आणि तेवढ्यात दसरा होऊन ऊसतोडीची टोळी निघते. मुकादमाची उचल घेतलेली असते. बाई कोयता घेऊन जाते आणि पुढच्या पावसाळ्यात परत येते, गाठ परत घेऊन. या बायका मला रात्री आठवतात. आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबू म्हणून ज्यांच्या घरच्यांनी तीन-तीन आठवडे उपचारच सुरू केले नाहीत, त्याही. तपासणी करायचीच असेल तर करा, पण उपचार त्यासाठी थांबवू नका.

मुलींची काळजी असेल तर उत्तर आपल्याच मातीत शोधलं गेलंय. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला, निकाल 2009 मध्ये आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्या पद्धतीवर, म्हणजे तपासणीविना सोडलेल्या गटात 64. त्या दुसऱ्या गटावरून पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या बायकाही आपल्याच होत्या. पण त्यांनी जे शिकवलं ते आपण वापरत नाही, हे मला जास्त लागतं. एकोणीस-वीसच्या मुलीला लस देता येते, पुण्याच्या सीरमची लसही आता मिळते. मावशी, आत्या, थोरली बहीण तिशीपुढच्या असतील तर त्यांची एचपीव्ही तपासणी करा, त्रास काहीही नसला तरी.

सोयरीक मोडलेल्या त्या मुलीचा बाप सगळं ऐकून म्हणाला, “मॅडम, हे लिहून द्याल का?” मी मराठीत चार ओळी लिहिल्या: हा बदल आईच्या गाठीतला आहे, तो मुलीकडे जात नाही. खाली सही केली, शिक्का मारला. त्याने कागदाची घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाला लागून ठेवली. मग विचारलं, “हिच्या आतल्या लायटी किती राहिल्या?”

दोन, मी म्हटलं. या बुधवारी एक आणि पुढच्या बुधवारी एक.