खोकं जिना कसं उतरलं? व्हाइल, ॲज आणि व्हेनच्या गोष्टी

मराठीत एक 'ताना' असला की बहुतेक काम भागतं. जाताना, येताना, बोलताना, निघताना. दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर एका क्रियापदाला 'ताना' लावायचा आणि पुढे चालायचं. इंग्लंडमध्ये रोजची उठबस इंग्रजीतून सुरू झाली, की याच कामाला इथे तीन-चार बारके शब्द आहेत आणि त्यांचे स्वभाव अजिबात सारखे नाहीत, हे हळूहळू कळायला लागतं. शाळेत आपल्याला सगळ्यांचा अर्थ 'जेव्हा' एवढाच सांगून मोकळं केलं होतं.

इकडच्या ऑफिसांत अपघातांची नोंदवही असते. कोणी घसरलं, काही अंगावर पडलं, तर काय झालं ते दोन ओळींत लिहायचं. आमच्या एका मराठी सहकाऱ्याने लिहिलं, 'व्हाइल कमिंग डाउन द स्टेअर्स, द बॉक्स फेल.' जिना उतरताना खोकं पडलं. मराठीत या वाक्याला कुणी नावं ठेवणार नाही. नोंद तपासणाऱ्या बाईंनी मात्र चष्म्यावरून बघत विचारलं, 'हू वॉज कमिंग डाउन?' त्यांचा प्रश्न खवचट नव्हता. इंग्रजीच्या हिशेबाने त्या वाक्यात खोकंच जिना उतरत होतं.

गोम अशी आहे की आपला 'ताना' कर्ता कोण हे विचारतच नाही. 'घरी येताना पाऊस लागला' यात येणारी मी आणि लागणारा पाऊस, तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. पाऊस घरी येत होता असं कुणाच्या मनातही येत नाही. इंग्रजीत 'व्हाइल'च्या पुढे कर्ता न घालता नुसतं 'इंग'वालं क्रियापद ठेवलं, की तो कर्ता पुढच्या मुख्य वाक्यातून उसना घेतला जातो. मुख्य वाक्यात खोकं असेल तर खोकं, फोन असेल तर फोन. उपाय सोपा आहे. 'व्हाइल आय वॉज कमिंग डाउन' असा 'आय' आत घातला की खोकं पुन्हा माणसाच्या हातात येतं.

गंमत म्हणजे असा कडकपणा आपल्याकडेही आहे, फक्त दुसऱ्या दारी. 'जिना उतरून खोकं पडलं' असं म्हणून बघा. लगेच कानाला खटकतं, कारण 'ऊन' लावलं की दोन्ही क्रियांचा कर्ता साधारणपणे एकच हवा, हे आपण न शिकता जाणतो. इंग्रजीतलं बिनकर्त्याचं 'व्हाइल' या बाबतीत 'ताना'पेक्षा 'ऊन'च्या जवळचं आहे. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं व्याकरण सुटतं. इथले लोकही बोलण्यात हा नियम सर्रास मोडतात आणि समोरचा समजून घेतो. विम्याचा अर्ज किंवा पोलिसांपुढचा जबाब असला, तर समजून घ्यायला समोर कुणी नसतं.

'व्हेन' तसा अलिप्त. दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि बाजूला होतो. खरं काम क्रियापद करतं. 'व्हेन शी केम, वी लेफ्ट' म्हणजे ती आली आणि मग आम्ही निघालो. 'वी वर लीव्हिंग' म्हणजे ती आली तेव्हा आमची निघायची गडबड चालू होती. 'वी हॅड लेफ्ट' म्हणजे ती आली आणि तिला दाराला कुलूप दिसलं. 'व्हेन' तिन्ही वाक्यांत जागचा हललेला नाही, पण पहिल्यात पाहुणीला सोबत मिळाली आणि तिसऱ्यात ती रुसली असणार. मराठीत आपण हा फरक 'मग', 'तोच', 'इतक्यात', 'तोवर' असे शब्द पेरून दाखवतो, आणि इंग्रजी बोलतानाही शब्दच शोधत बसतो. शोधायचं असतं क्रियापदाचं रूप.

'व्हाइल'ला लांबी लागते. जुन्या इंग्रजीत तो काळाचा एक तुकडा सांगणारा शब्द होता, आणि 'फॉर अ व्हाइल' म्हणताना आजही आहे. म्हणून 'व्हाइल'खाली येणारी गोष्ट काही वेळ चालणारी हवी. वाट बघणं, झोपणं, गाडी चालवणं. नाटकातल्या मागच्या पडद्यासारखी ती पसरून राहते आणि पुढे दुसरं काहीतरी घडतं. ग्लास फुटण्यासारख्या क्षणात उरकणाऱ्या गोष्टीला 'व्हाइल' लावलं तर ते हास्यास्पद वाटतं. तिथे 'व्हेन' किंवा 'ॲज' हवं.

आणि 'ॲज' हा माझा सगळ्यात आवडता, कारण तो सगळ्यात लबाड आहे. 'ऑल्सो' आणि 'ॲज' ही मुळात सख्खी भावंडं. एकाच जुन्या शब्दाचं एक रूप धड राहिलं, दुसरं झिजून दोन अक्षरांवर आलं. 'तसंच', 'त्याच प्रकारे' हा जुना अर्थ त्याच्या अंगात अजून मुरलेला आहे. त्यामुळे दोन गोष्टी एकमेकींच्या पावलाला पाऊल लावून चालत असतील तर 'ॲज'. आपलं जसजसं-तसतसं. 'ॲज यू गेट ओल्डर' म्हणजे जसजसं वय वाढतं तसतसं. दोन छोट्या क्रिया अगदी एकाच क्षणी घडल्या तरी 'ॲज', आणि नेमका तोच क्षण ठसवायचा असेल तर त्याच्या आधी 'जस्ट'.

लबाडी पुढे आहे. 'ॲज'चा अर्थ 'कारण' असाही होतो. इथल्या वर्तमानपत्रांचे मथळे काही दिवस वाचले की हे लक्षात येतं. 'शेअर्स फॉल ॲज बॉस क्विट्स.' साहेब गेले म्हणून शेअर पडले, की साहेब गेले त्याच दिवशी शेअरही पडले? मथळा काहीच कबूल करत नाही. वाचणारा कार्यकारण स्वतःच जोडून घेतो आणि लिहिणारा नामानिराळा राहतो. जागा वाचते हे कारण आहेच, दोन अक्षरांत वाक्य जुळतं. पण सोय तेवढीच नाही. मराठी मथळा करायला बसलं तर 'राजीनाम्यामुळे' की 'राजीनाम्यानंतर', काहीतरी एक निवडावंच लागतं. तेव्हा इंग्रजी बातमीच्या मथळ्यात 'ॲज' दिसलं की मी आतली बातमी वाचल्याशिवाय मत बनवत नाही.

'व्हाइल'चाही एक दुसरा चेहरा आहे, आणि तो ऑफिसच्या ईमेलमध्ये भेटतो. तिथे त्याचा काळाशी संबंध उरत नाही. 'व्हाइल आय अप्रिशिएट युअर एफर्ट' अशी ईमेलची सुरुवात झाली की नवखा माणूस खूश होतो. जुना माणूस थेट स्वल्पविरामाच्या पुढे उडी मारतो, कारण नकार तिथे बसलेला असतो. हा 'व्हाइल' म्हणजे 'जरी' किंवा 'खरं असलं तरी'. एकाच वेळी दोन गोष्टी खऱ्या आहेत, तुमची मेहनत आणि आमचा नकार, असं तो म्हणतो. नकार द्यायची ही पद्धत मला अजूनही जरा अंगावर येते. सरळ 'बट' परवडला.

यॉर्कशरच्या बोलीत तर 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. लंडनमध्ये इंग्रजी शिकून तिकडे गेलेल्याला कामाची वेळ ऐकूनच बुचकळ्यात पडायला होतं. दिवे लुकलुकत असताना थांबा, हे 'व्हाइल' घालून लिहिलेल्या पाटीचा तिथे 'दिवे लुकलुकेपर्यंत थांबा' असा अर्थ होईल, असा एक विनोद सांगतात. रेल्वे फाटकापाशी त्या अर्थाने वागलं तर काय होईल ते सांगायला नको.

रोजच्या वापरात मात्र सगळ्यात उपयोगाचा ठरतो तो 'व्हाइल यू आर अप'. तुम्ही खुर्चीतून उठलात रे उठलात, की कुणीतरी म्हणणार, 'व्हाइल यू आर अप, कुड यू शट द विंडो?' इथे वेळ फक्त नावाला आहे. आपण हेच काम 'ताना'ने करत नाही, 'तर'ने करतो: 'उठलाच आहेस तर खिडकी लाव.' तो 'च' आणि 'तर' मिळून जी गळ घालतात, ती इंग्रजीत एकटा 'व्हाइल' घालतो. 'व्हाइल यू आर ॲट इट' म्हणजे हात घातलाच आहेस तर हेही कर. आणि 'व्हाइल यू आर देअर' म्हणजे गेलाच आहेस तर तेही बघ. या तिन्हींना नाही म्हणायची सोय दोन्ही भाषांत सारखीच अवघड आहे, म्हणून इथले अनुभवी लोक शक्यतो बसूनच राहतात.