सपाट मुलखासाठी मिररलेस कॅमेरा निवडताना

लँडस्केपसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की जो तो आधी रुंद देखावा घेणाऱ्या वाइड लेन्सचं नाव घेतो. सह्याद्रीत राहणाऱ्याला ते पटेलही. तिथे समोर कडा, पायाशी दरी आणि डोक्यावर ढग असतात, सगळं एका चौकटीत बसवायला १४-१५ मिलिमीटरची लेन्सच लागते (आकडा जितका लहान, तितका देखावा रुंद). आमच्या सोलापुरात माळ आहे, ज्वारीचं रान आहे, बांधावर एखादी बाभळ आहे आणि त्यामागे नजर पोचेल तिथवर क्षितिज. इथे १४ मिलिमीटर लावलं की बाभळीचा ठिपका होतो, क्षितिजाचा दोरा होतो आणि उरलेली चौकट रिकाम्या आभाळाने भरते. पर्जन्यछायेतला जिल्हा आमचा. वर्षातले बरेच महिने त्या आभाळात ढगही नसतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी मी जुने फोटो उघडून बसलो. निकॉन डी ७२०० हा आरशाचा (डीएसएलआर) कॅमेरा बरीच वर्षं वापरला होता. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याप्रमाणे, फोटो गाळता येतात. मनापासून आवडलेले, प्रिंट काढून ठेवलेले तेवढेच निवडले आणि आकडे पाहिले. नान्नजचं गवताळ माळरान असो, हिप्परगा तलाव असो की कुडलला सीना आणि भीमा मिळतात तिथला काठ, बहुतेक फोटो ३५ ते ८० मिलिमीटरच्या मधले निघाले. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडपटीचा हिशेब. म्हणजे फुल फ्रेमवर (३६ × २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरवर) तोच देखावा साधारण ५२ ते १२०ला मिळतो. मला हवी असलेली लेन्स इथेच ठरली आणि कॅमेऱ्याचा शोध त्यानंतर सुरू झाला. हा क्रम मी कुणालाही सांगेन. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, पण आपली नजर ज्या अंतरावर रमते ते अंतर सहसा बदलत नाही.

डी ७२०० वाईट नव्हता, आजही नाही. त्याची स्क्रीन मात्र एका जागी पक्की. कापणी झालेल्या रानात धसकटांच्या उंचीवरून फोटो घ्यायचा तर पोटावर झोपावं लागायचं. शिवाय सूर्य चौकटीत असताना उजेडाचा अंदाज फोटो काढल्यावरच कळायचा. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बटण दाबण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये, डोळा लावायच्या खिडकीत, दिसतो, आडवी पातळी दाखवणारी रेषाही दिसते. डोंगराळ भागात चौकट अर्धा अंश कललेली असली तरी खपून जाते. आमच्याकडे उजनीच्या पाण्याची कड जराशी जरी तिरपी आली तर धरण एका बाजूने रिकामं होतंय असं वाटतं.

तीन नावं पक्की केली : फुल फ्रेमचे सोनी ए सेव्हन थ्री आणि निकॉन झेड फाइव्ह, आणि लहान सेन्सरचा फुजीफिल्म एक्स-टी फाइव्ह. सोनी गावातच मिळाला. लग्नाचे फोटो काढणारा ओळखीचा एक तरुण आहे, त्याने मुहूर्त नसलेल्या दिवशी कॅमेरा हातात ठेवला. वर म्हणाला, ‘‘अण्णा, मागच्या स्क्रीनवर बघून काही ठरवू नका. तिथं सगळेच कॅमेरे झकास दिसतात. कॅमेऱ्याची कच्ची, रॉ फाइल घरी नेऊन उघडा.’’ बाकीचे दोन पुण्याहून भाड्याने आणले. ट्रेनने पहाटे गेलो, रात्री परत. भाड्याचे पैसे वाया गेले असं घरच्यांना वाटलं. मला वाटत नाही. लाखाच्या घरातली वस्तू घेण्याआधी दोन दिवस ती आपल्या उन्हात, आपल्या हातात असायलाच हवी.

हिप्परग्याच्या काठावर ट्रायपॉड रोवला. सूर्य वर येताना समोरच्या बाजूने, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) सर्वांत खाली, प्रत्येक कॅमेऱ्यावर तोच देखावा. उजेड मुद्दाम कमी ठेवला आणि घरी येऊन काळोखातला भाग तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उजळला. काठावरचे दगड आणि बाभळीची खोडं यांत रंगीत दाणे किती येतात, ते पाहायचं होतं. सोनी आणि निकॉनमध्ये फरक शोधूनही सापडेना. फुजीत सावली किंचित खरखरीत, पण दूरच्या काठावरचा तपशील जास्त. सेन्सर लहान आणि मेगापिक्सेल ४०, तेव्हा हे अपेक्षितच होतं. खरा धक्का जुन्या डी ७२००ने दिला. कमी आयएसओवर तो या तिघांच्या फार मागे नव्हता. फुल फ्रेमचा सेन्सर क्षेत्रफळाने सव्वादोन पटींहून मोठा असतो, त्याचा फायदा होतो, पण ट्रायपॉडवर, शांतपणे, आयएसओ १००वर काम करणाऱ्याला तो जाहिरातीत दिसतो तेवढा जाणवत नाही. केवळ ‘फोटो सुधारतील’ म्हणून कुणी कर्ज काढून बॉडी बदलणार असेल तर मी त्याचा हात धरून त्याला थांबवीन.

मेगापिक्सेलचाही हिशेब मांडला. २४ मेगापिक्सेल म्हणजे लांबीत ६,००० ठिपके. इंचाला ३०० धरले तर २० इंचाचं प्रिंट. ४० मेगापिक्सेलचं जवळपास २६ इंचाचं. माझ्या भिंतीला २० पुरतात.

फुजी सोडताना जीव अडकला, हे खरं. त्याच्या चकत्या फिरवण्यात सुख आहे आणि त्याची स्क्रीन उभ्या चौकटीतही वळते. पण नान्नजच्या गवतावर शार्पनिंग वाढवलं की माझ्या सॉफ्टवेअरमध्ये काड्यांच्या जागी वळवळणारा पोत दिसायचा. माझ्या फोटोंत निम्मं गवतच असतं. किंमतही झेड फाइव्हपेक्षा बरीच वर.

सोनीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता. गावातले बरेच लग्नवाले सोनीवर असल्यामुळे लेन्स उसनी मिळते, जुनी विकत मिळते. तरुण मुलांनी सोलापुरात हा विचार जरूर करावा. माझ्याकडे मात्र निकॉनच्या लेन्स पडून होत्या. त्यातली ७०-३०० मिलिमीटरची, जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अॅडॅप्टरवर व्यवस्थित चालते. जुन्या ५० मिलिमीटर डी लेन्सचा ऑटोफोकस मात्र त्यावर चालत नाही, कारण तिच्यात स्वतःची मोटर नसते आणि अॅडॅप्टरमध्येही नसते. लँडस्केपला हाताने फोकस करायचा, तेव्हा चालून गेलं. डी ७२००च्या बॅटऱ्याही झेड फाइव्हमध्ये बसतात. त्याचा व्ह्यूफाइंडर ३६.९ लाख ठिपक्यांचा, ए सेव्हन थ्रीचा २३.६ लाखांचा. डोळे दिपवणाऱ्या उन्हात तो फरक लगेच कळतो. आणि लग्नवाले झेड फाइव्हला नाक मुरडतात ते त्याच्या वेगामुळे, सेकंदाला साडेचारच फ्रेम. माळ कुठे पळून जात नाही. मला नको असलेल्या वेगाचे पैसे मी का मोजावेत?

झेड फाइव्ह घेतला आणि सोबत २४-१२० मिलिमीटर एफ/४ झूम लेन्स. ही लेन्स निवडण्यामागे धूळही होती. उन्हाळ्यात इथे फुफाटा उडतो आणि मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, आड आरसा नसतो. एफ/११वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, आभाळाचा फोटो घ्या, प्रत्येक कण काळा डाग होऊन दिसतो. जितक्या कमी वेळा लेन्स बदलाल तितकं बरं. बदलायचीच झाली तर गाडीत, काचा वर करून, कॅमेरा बंद ठेवून आणि तोंड खाली धरून. कॅमेरा घेताना दुकानातच एफ/१६वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहिला. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला आणि वॉरंटी भारतातली आहे ना, तेही तपासलं. काही हजारांनी स्वस्त मिळणाऱ्या कॅमेऱ्यात नेमकी हीच गोष्ट नसते.

एक मर्यादा कुठल्याच कॅमेऱ्याने सुटली नाही. एप्रिलमध्ये ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि १२० मिलिमीटरवर दूरची झाडं विरघळल्यासारखी येतात. त्याला महाग लेन्सचा इलाज नाही. काम एक तर उजाडताना करावं, नाही तर जूनच्या ढगांची वाट पाहावी.

रुंद देखावा हवाच असेल, सिद्धेश्वर तलावाचा सगळा काठ मंदिरासकट घ्यायचा असेल, तेव्हा उभ्या चौकटी ओळीने घेऊन जोडतो. झेड फाइव्हची स्क्रीन उभ्या चौकटीत वळत नाही, म्हणून ट्रायपॉड डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा लागतो. उभ्या चौकटींसाठी एल-ब्रॅकेट (कॅमेरा ट्रायपॉडवर उभा बसवायची एल आकाराची पट्टी) तेवढा नंतर घेतला, आणि वाइड लेन्सचे पैसे अजून बँकेत आहेत.