जागा धरली आहे

टेबल रिकामं होतं. भोवती जमिनीला पक्की ठोकलेली स्टुलं, डोक्यावर गरगरणारा पंखा, आणि टेबलाच्या मधोमध टिश्यूचं एक पाकीट. मी टेकणार तेवढ्यात लेकीनं दंडाला धरून मागे ओढलं. "आई! चोप केलंय ना!"

सिंगापुरात सहा वर्षं काढल्यावर मला हे माहीत नाही असं नाही. पण भुकेच्या वेळी माणूस मूळ पदावर येतो. दुपारचा साडेबाराचा सुमार, सुट्टीचा दिवस, मॅक्सवेल फूड सेंटरला ही गर्दी, आणि त्या गर्दीत एक आख्खं टेबल कुणीतरी टिश्यूच्या पाकिटाच्या हवाली करून रांगेत जाऊन उभं राहिलेलं. पाकिटाला ना राखणदार, ना त्यावर नाव. आणि हातात वाफाळणारे ट्रे घेऊन फिरणारी माणसं त्याला वळसा घालून पुढे जात होती, जणू तिथे कुणी बसलेलंच आहे.

मला स्वारगेट आठवलं.

मे महिन्यात वाईला जायचं असायचं. लाल डबा स्टँडात वळतोय न वळतोय तोच अप्पा धावायला लागायचे. एरवी जिनासुद्धा सावकाश चढणारा हा माणूस त्या वीस पावलांत कुणी वेगळाच व्हायचा. चालत्या गाडीच्या खिडकीतून नेम धरून रुमाल आत. पहिल्या सीटवर एक, मागच्या सीटवर पिशवी, आणि फारच निकड असेल तर मी. हो, मलाही खिडकीतून आत ढकललेलं आहे. आत गेल्यावर दोन्ही हात पसरून सीटवर आडवं पडायचं, एवढी एकच सूचना असे.

मग दारातून चढलेली माणसं यायची आणि खटला सुरू व्हायचा. "उठा, रुमाल आहे आमचा." "रुमाल म्हणजे माणूस का?" "आधी टाकलाय." "तुमचाच कशावरून? नाव लिहिलंय?" एकदा खरंच एकानं हा नावाचा मुद्दा काढला आणि अप्पा निरुत्तर झाले. शिरवळपर्यंत उभ्यानं गेलो. तिथे उतरणाऱ्यांनी जागा केली तेव्हा कुठे टेकलो. त्यानंतर आईनं अप्पांच्या सगळ्या पांढऱ्या रुमालांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं 'अ' काढून दिला. पुढच्या प्रवासात अप्पा कुणीतरी भांडायला येईल याची वाट बघत बसले होते. कुणीच आलं नाही. फार हिरमुसले.

तर चोप, म्हणजे अशी जागा धरून ठेवणं. हा शब्द मुळात 'चॉप', म्हणजे शिक्का, यावरून आला असं इथे सांगतात. शिक्क्याला मलय भाषेत 'चाप' म्हणतात, आणि त्याचं मूळ थेट हिंदीतल्या छापेपर्यंत जातं. म्हणजे टेबलावर मारलेली छापच ती. हे कळल्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी तो नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितला. तो मीटिंगमध्ये होता.

सुट्टी होती ती ९ ऑगस्टची. आमच्या शाळेत या तारखेला क्रांतिदिन, गवालिया टँक आणि १९४२. लेकीला ही तारीख सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनाची, १९६५ मध्ये मलेशियापासून वेगळं झाल्याची. तिच्याइतकं लाल कपड्यांत मी लग्नातसुद्धा नव्हते. आमच्या एचडीबी, म्हणजे सरकारी घरांच्या, ब्लॉकच्या कठड्यांवर जुलैपासूनच झेंडे लागले आहेत. शेजारच्या आँटीनं आपला लावताना आमच्या कठड्याकडे बघून "यू वाँट? आय गॉट एक्स्ट्रा" असं विचारलंही होतं. मी उगाच हसून वेळ मारून नेली. घर भाड्याचं, इथे राहायचा पास दोन वर्षांचा. लावावा की लावू नये, ते ठरवण्यात महिना गेला.

राष्ट्रीय दिनाच्या परेडला जायचा हट्ट लेकीनं केला होता. पण त्या तिकिटांची सोडत निघते, आणि सोडतीत नाव घालता येतं ते नागरिकांना आणि पीआरवाल्यांना, म्हणजे कायमच्या रहिवाशांना. आम्ही पासवाले. म्हणून मग नवऱ्यानं जाहीर केलं, आपण आपली परेड काढू. सकाळी बुगिसला उतरून काम्पोंग ग्लाम, तिथून चायनाटाऊन, आणि मग जेवण.

काम्पोंग ग्लामला सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. मी मात्र तिथे दरवेळी घुमटाखालचा काळा पट्टा बघत उभी राहते. तो पट्टा काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. १९३२ मध्ये आजची इमारत पूर्ण झाली. ती बांधताना श्रीमंतांनी पैसे दिले, आणि ज्यांच्यापाशी पैसे नव्हते त्यांनी बाटल्या दिल्या, त्यांचाही हात लागावा म्हणून. खालून बघताना एकेक बूड वेगळं दिसत नाही, दिसते ती नुसती किनार. पण कुणीतरी नातवाला नक्की दाखवलं असणार, ती बघ, ती तिसरी, ती आपली. नवरा म्हणाला, "चला, ऊन वाढतंय." सावलीत उभा राहून म्हणत होता.

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो. इथे पाटीही चार भाषांत असते. मलयमधली "बरहाती-हाती दी रुआंग प्लॅटफॉर्म" ही घोषणा, म्हणजे फलाटाच्या फटीपाशी जपून. आम्ही आलो तेव्हा लेक तीन वर्षांची होती. प्रत्येक स्टेशनावर ती खिडकीला नाक लावून हत्ती शोधायची. आता नऊ वर्षांची झालीय. ही गोष्ट काढली की रागावते, आणि मी ती दरवेळी काढते.

चायनाटाऊनमध्ये बाहेरून आलेल्या पाहुण्यांना मी हमखास एक कोडं घालते. पॅगोडा स्ट्रीटवरचा पॅगोडा कुठला? सगळे चिनी देऊळ शोधायला लागतात. तो पॅगोडा म्हणजे कोपऱ्यावरच्या श्री मारिअम्मन देवळाचं गोपुर. १८२७ पासून हे देऊळ तिथे आहे. त्याच्या पलीकडच्या अंगाला टेंपल स्ट्रीट, आणि थोडं पुढे जामे मशीद, म्हणून मॉस्क स्ट्रीट. चायनाटाऊनच्या ऐन मध्यावर तीन रस्त्यांना नावं दिली ती तमिळ माणसांच्या देवळानं आणि मशिदीनं. जागा धरावी तर अशी. देवळाबाहेर चपला काढताना नवऱ्यानं त्या एका कोपऱ्यात, एकमेकींपासून लांब काढल्या. जोडी चोरीला जाऊ नये म्हणून. इथे कोण नेतंय, असं मी म्हटलं नाही. मीही तशाच काढते.

हां, तर टेबल. दुसरं एक टेबल रिकामं होताना दिसलं. "टाक काहीतरी, लवकर," नवरा म्हणाला. पर्स उपसली. टिश्यू संपलेले. होता तो रुमाल. पांढरा, कोपऱ्यात लाल 'अ'. अप्पा गेल्यावर कपाटात असे अकरा निघाले. इस्त्री केलेले, एकावर एक. मी एक आणला. नाक पुसायला नाही, कशालाच नाही. "अगं तोच टाक की," नवरा म्हणाला. मी पर्सची चेन लावली. टेबलावर लेकीला आडवं टाकायचा विचार मनात आला होता, पण ती नऊ वर्षांची आहे आणि तिला लाज वाटते.

तेवढ्यात टिश्यू विकणारी म्हातारी आँटी आली. दोन डॉलरची नोट दिली, पाकिटं घेतली, एक टेबलावर ठेवलं आणि तिघं तीन रांगांना गेलो. परत आलो तर टेबल जसंच्या तसं. माझी कोपी-सी, म्हणजे इथली दुधाची कॉफी, लेकीचं चिकन राईस, नवऱ्याच्या शाकाहारी नूडल्स, ज्यांत अंडं नाही ना हे तो तीनदा विचारून आला होता. चौथ्या स्टुलाकडे बोट करून एका आजोबांनी विचारलं, "शेअर, कॅन?" कॅन. ते बसले, लेकीच्या लाल फ्रॉककडे बघून म्हणाले, "परेड नेव्हर गो, आह?" तिकीट नाही म्हटल्यावर त्यांनी हात झटकला. "टीव्ही बेटर. घाम नाही." आणि आपल्या वाडग्यात शिरले. आमच्या आधी जेवून उठलेही.

२०२१ पासून ट्रे आपण होऊन परत नेऊन ठेवायचा नियमच आहे. तिघांनी तीन ट्रे उचलले, रॅकवर ठेवले, हात धुतले, रस्त्यापर्यंत गेलो. तिथे लेक थबकली. "आई, टिश्यू?"

वळून बघितलं. सेंटर खच्चून भरलेलं. एकेका खांबाला टेकून माणसं ट्रे धरून उभी. आणि मध्ये आमचं टेबल, चारही स्टुलं रिकामी, वर ते पाकीट. एक बाई आपल्या दोन पोरांना घेऊन तिथे आली, पाकीट बघितलं, पोरांना पुढे घेऊन गेली. मग एक जोडपं आलं, तेही तसंच गेलं.

"जा, घेऊन ये," मी लगेच म्हटलं नाही. जरा वेळानं म्हटलं.

लेक पळत गेली. पाकीट उचलून ती वळायच्या आत तिथे चौघं बसले होते.